कलावर्गाच्या सहलीत म्युझियम पाहून चित्रासाठी काही सुचावं, म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की क्लासची सहल काळा घोड्याच्या आणि भायखळ्याच्या म्युझियमला जाणार आहे, नंतर सरांना स्वतःचं एक चित्र दाखवायचंय आणि इतकं सगळं पाहून काहीच सुचणार नाही अशी धास्ती वाटतेय. माझं पहिल्या सहलीत अगदी हेच झालं होतं. काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे सगळे मजले दोन तासांत पालथे घातले, मोबाइल फोटोंनी भरला आणि घरी कागदापुढे बसले तर रेघ उमटेना.

पुढच्या खेपेला मी भायखळ्याला, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात, घारापुरीहून आणलेल्या दगडी हत्तीपुढे बसकण मारली. याच हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४ साली त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, पण उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते पुढे सांधून त्याला पुन्हा उभं केलंय. जवळ गेलात की सांधे दिसतात. मी हत्ती काढायचा नाद सोडून पाऊण तास फक्त सांधेच काढले. रेघ कुठून निघते, कुठे अडखळते, तिच्या अलीकडचा आणि पलीकडचा दगड कसा वेगळा दिसतो, एवढंच.

वही तीन आठवडे तशीच पडून होती. मग मे महिन्यात आमच्या बिल्डिंगच्या भेगा बुजवायला माणसं आली. भिंतभर सिमेंटचे पांढुरके पट्टे उमटले आणि मी खिडकीतच थबकले. त्या रेघा माझ्या वहीत आधीच होत्या! त्यातून लिनोकटची, म्हणजे लिनोलियमवर कोरून कागदावर उमटवलेल्या छापचित्रांची, अख्खी मालिका झाली.

म्हणून माझं ऐका, एकच वस्तू धरा आणि तिचाही एखादाच भाग. भायखळ्याला आतमध्ये जुन्या मुंबईतल्या नाना जमातींच्या, धंद्यांच्या माणसांच्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत. तिथे नुसती पागोट्यांची ठेवण काढली तरी दिवस पुरणार नाही. काळा घोड्याला लघुचित्रांच्या दालनात जाल तेव्हा राधाकृष्ण घटकाभर बाजूला ठेवा. झाडाचं एकेक पान कसं सुटं रंगवलंय ते पाहा, नाक काचेला लागेपर्यंत. ती पानं पाहिल्यापासून मला आमच्या गल्लीतला पिंपळसुद्धा वेगळा दिसतो.

फोटो काढायचेच तर अगदी शेवटी काढा, कारण एकदा फोटो काढला की डोळे आळशी होतात. रंग घरीच ठेवा, दालनात पेन्सिल आणि छोटी वही पुरते. सरांना आधीच विचारून ठेवा, की सगळ्यांबरोबर फिरण्याऐवजी एका जागी बसू का. आणि सहलीचा वार एकदा तपासा, भायखळ्याचं म्युझियम बुधवारी बंद असतं.