तारखेपाशी थांबू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली कलेतल्या स्मरणदिनांची यादी दोनदा वाचली. रफाएल ६ एप्रिल १५२० ला गेला, रेम्ब्रांट ४ ऑक्टोबर १६६९ ला, व्हॅन गॉघ २९ जुलै १८९० ला. तारखा बरोबर आहेत. पण प्रत्येक नोंद दोन ओळींत आटोपलीस आणि चित्रांचा त्यात पत्ताच नाही, हे मला फार खटकलं.

१५ एप्रिल १८७४ घे. ‘इम्प्रेशनिझमचा जन्म’ असं तू लिहिलंयस. त्या दिवशी पॅरिसमध्ये, नादार या छायाचित्रकाराच्या पूर्वीच्या स्टुडिओत काही चित्रकारांनी स्वतःच्या हिमतीवर प्रदर्शन उघडलं, हे खरं. पण ‘इम्प्रेशनिस्ट’ हे नाव तेव्हा त्यांनी घेतलेलं नव्हतं. लुई लरुआ या समीक्षकाने त्यांच्यातल्या मोनेच्या ‘इम्प्रेशन, सनराइज’ या चित्राच्या शीर्षकावरून सगळ्यांची खिल्ली उडवली, तो लेख छापून आला २५ एप्रिलला. आणि त्या चित्रावर मोनेच्या सहीशेजारी आकडा आहे ७२, म्हणजे १८७२. मग जन्मदिवस कोणता धरायचा? तुझं टिपण या प्रश्नापासून सुरू होऊ दे.

त्याआधी त्या चित्रासमोर पंधरा मिनिटं बस. चांगली छापील प्रतही चालेल. ल हाव्र बंदरातली धुरकट सकाळ, निळ्या-करड्या पाण्यावर छोट्या होड्या, वर नारिंगी सूर्य. आता त्याचीच कृष्णधवल प्रत काढ. सूर्य जवळजवळ नाहीसा होतो! मोनेने तो भोवतालच्या आभाळाइतकाच उजळ ठेवलाय. त्याला वेगळं काढतो तो फक्त रंग. मी पहिल्यांदा हे करून पाहिलं तेव्हा दोन्ही प्रती शेजारीशेजारी ठेवून कितीतरी वेळ नुसता बघत बसलो होतो. वाचकाला हे दाखव. तारीख तो कुठेही शोधेल.

त्याच प्रदर्शनात बेर्थ मोरिझोचं ‘पाळणा’ होतं. झोपलेल्या बाळाकडे आई टक लावून बघतेय आणि हाताने पाळण्याची झिरझिरीत जाळी ओढून घेतेय, आपल्या आणि बाळाच्या मधे. मोरिझो तुझ्या यादीत नाही. तिला घे. जागा नसेल तर माझ्या मते दहा तारखा खुशाल गाळ.

पुढचं टिपण व्हर्मीरवर करणार आहेस ना? तो डिसेंबर १६७५ मध्ये गेला, एवढं पुरे. दिवसासाठी अडून राहू नकोस. दूध ओतणाऱ्या बाईचं त्याचं चित्र काढून बस. मागच्या पांढऱ्या भिंतीत वर एक खिळा आहे. त्याची सावली कुठल्या बाजूला पडलीय, ते बघून मला कळव.

तुझा,
काका