टेंडरची हायड्रॉलिक लिफ्ट: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

यॉटच्या मागच्या भिंतीवर, म्हणजे ट्रान्समवर, बसवलेला आणि हायड्रॉलिक सिलिंडरच्या जोरावर पाण्याखाली उतरणारा प्लॅटफॉर्म आता मध्यम आकाराच्या यॉटवरही दिसतो. त्यावर टेंडर, म्हणजे किनाऱ्यावर ये-जा करायची छोटी बोट, ठेवली जाते. या अंकात त्याविषयीच्या निवडक प्रश्नांना उत्तरे दिली आहेत. हिशेब एकाच उदाहरणावर केले आहेत: ५० मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ३० मिमी रॉड (आत-बाहेर सरकणारा दांडा) आणि ४०० मिमी स्ट्रोकचे (रॉडच्या सरकण्याची लांबी) दोन सिलिंडर, दाब १५० बार, रॉड बाहेर आला की प्लॅटफॉर्म वर. तुमच्या लिफ्टचे आकडे वेगळे असतील, पण हिशेबाची रीत हीच.

प्रश्न: संध्याकाळी प्लॅटफॉर्म पूर्ण वर घेतो आणि सकाळी तो बोटभर खाली आलेला दिसतो. सिलिंडरचे सील बदलले, तरी फरक नाही. तेल गळताना कुठेच दिसत नाही.

उत्तर: सील बदलण्याआधी थर्मामीटर पाहायला हवा होता. हायड्रॉलिक तेल दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.०७ टक्के प्रसरण पावते. दिवसभर उन्हात तापलेले तेल रात्री २० अंशांनी निवले, तर ते १.४ टक्के आकसते. ४०० मिमी स्ट्रोकवर याचा अर्थ रॉड साडेपाच मिमी आत. भुजांच्या रचनेमुळे प्लॅटफॉर्मचे टोक सिलिंडरच्या दुप्पट-तिप्पट सरकते, म्हणजे टोकाला ११ ते १६ मिमी. तुमचे ‘बोटभर’ यातच बसते.

खात्री करायची तर मोजणी सकाळी, तेल थंड असताना सुरू करा. प्लॅटफॉर्म वर घ्या, ट्रान्समवर पेन्सिलीची खूण करा आणि तापमान फारसे बदलायच्या आत दोन तासांनी पुन्हा पाहा. खूण हलली नसेल तर लिफ्टला काही झालेले नाही. हललीच, तर पुढच्या क्रमाने शोध घ्या.

आधी आणीबाणीत प्लॅटफॉर्म खाली सोडण्याचा हाताचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहे का ते पाहा. पाव फेरा उघडा राहिलेला हा व्हॉल्व्ह अनेकांना नाहक सील बदलायला लावतो. तो ठीक असेल तर उरतात दोन संशयित: तेलाला परत जाऊ न देता भार धरून ठेवणारा पायलट चेक व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा सील. टेंडर काढून घ्या, प्लॅटफॉर्मखाली आणि मागे कोणी नाही याची खात्री करा, बॅटरीचा मुख्य स्विच बंद करा. मग सिलिंडरच्या भार नसलेल्या बाजूची होज (तेलाची नळी), आपल्या उदाहरणात रॉडकडची, सिलिंडरच्या तोंडाशी सैल करा आणि खाली बरणी धरा. कोणती बाजू भार पेलते हे लिफ्टच्या ड्रॉइंगवरून आधी नक्की करा. चुकून तीच सैल केलीत तर प्लॅटफॉर्म कोसळेल. नळीत उरलेले तेल निथळून गेल्यावरही थेंब पडतच राहिले, तर पिस्टनचा सील गेला आहे. थेंब थांबले आणि तरीही प्लॅटफॉर्म उतरतो आहे, तर चेक व्हॉल्व्हच्या बैठकीत काहीतरी अडकले आहे. बहुतेक वेळा ते धातूचा बारीक कीस किंवा नवी होज बसवताना आट्यांवर गुंडाळलेल्या टेफ्लॉन टेपचा तुकडा निघतो. हायड्रॉलिकच्या जोडांवर ही टेप वापरूच नये.

यातलीच आणखी एक गोष्ट, प्रश्नात नसली तरी महत्त्वाची. प्रवासात प्लॅटफॉर्मचे वजन तेलावर ठेवू नका. हायड्रॉलिकचे काम हलवण्याचे, धरून ठेवण्याचे काम लॉकिंग पिनांचे. पिना बसल्या की ‘खाली’चे बटण क्षणभर दाबा, म्हणजे वजन पिनांवर टेकते आणि सिलिंडरमधला दाब उतरतो. तसे न करता सिलिंडर टोकाला ताणलेला, वरून पिनांनी जखडलेला आणि भर उन्हात असा राहिला, तर कोंडलेल्या तेलाचा दाब दर अंशाला सुमारे १० बारने चढू शकतो. सील आणि होज फुटण्याचे हे एक ठरलेले कारण आहे.

प्रश्न: प्लॅटफॉर्मवर ३५० किलो क्षमता लिहिली आहे. टेंडरचे कॅटलॉगमधले वजन १८० किलो. निर्धास्त राहायला हरकत नाही ना?

उत्तर: हरकत आहे. कॅटलॉगमधले वजन बहुधा नुसत्या कोरड्या हलचे, म्हणजे बोटीच्या रिकाम्या सांगाड्याचे, असते. त्यात ४० अश्वशक्तीच्या फोर-स्ट्रोक आउटबोर्डचे (बोटीच्या मागे लावायच्या इंजिनाचे) सुमारे १०० किलो धरा. ४० लिटर पेट्रोलचे ३०, बॅटरीचे २०, नांगर, दोर, वल्ही आणि लाइफ जॅकेटचे आणखी २०. बेरीज बरोबर ३५०. आता पावसाचे ५० लिटर पाणी तळाशी साठले किंवा दोर सोडायला एक माणूस प्लॅटफॉर्मवर उभा राहिला, की मर्यादा ओलांडली. शक्य असेल तर टेंडर सगळ्या सामानासकट वजनकाट्याला टांगून मोजा.

सिलिंडर मात्र कुरकुरणार नाही, आणि धोका तिथेच आहे. ५० मिमी बोअरचा एक सिलिंडर १५० बारला सुमारे ३ टन जोर लावतो. कमकुवत दुवा ट्रान्सम आहे. टेंडर ३५० आणि प्लॅटफॉर्म १५०, असे ५०० किलो ट्रान्सममागे ०.९ मीटरवर लटकले, तर ४५० किलो-मीटरचा मोमेंट (फिरवणारा जोर) होतो. वरच्या आणि खालच्या बोल्टांत ४० सेंमी अंतर असेल, तर वरच्या ओळीवर सुमारे ११२५ किलोची ओढ येते. यॉट लाटेवर आपटली की ती सहज दुप्पट होते. म्हणून बोल्टाच्या जागी ट्रान्सममधले बाल्सा किंवा प्लायवूड काढून भरीव लॅमिनेट हवे आणि आतून रुंद पट्टी हवी, नुसते वॉशर नकोत. बोल्टाभोवती जेलकोटला (बाहेरच्या चकचकीत थराला) केसासारख्या चिरा दिसल्या किंवा आतून तपकिरी पाणी झिरपले, तर लिफ्ट वापरणे थांबवा.

लिफ्ट वजन घेत नाही म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह (ठरलेल्या दाबाला उघडून जादा तेल सोडणारा) आवळून दाब वाढवण्याचा सल्ला काही मेकॅनिक देतात. तो ऐकू नका. हा व्हॉल्व्ह पंपाइतकाच ट्रान्समचाही रक्षक आहे.

प्रश्न: टेंडर असताना वर उचलायला गेले की रिले (मोटर चालू-बंद करणारा विजेचा स्विच) ‘खडखड’ वाजतो आणि मोटर थांबते. रिकामा प्लॅटफॉर्म मात्र झटकन वर येतो. पंप बदलावा का?

उत्तर: नको, आधी व्होल्टमीटर काढा. मिनिटाला ४ लिटर देणारा पंप १५० बारला १ किलोवॅट हायड्रॉलिक शक्ती देतो (दाब गुणिले प्रवाह, भागिले ६००). मोटर आणि पंपाची मिळून कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर बॅटरीतून सुमारे १६७० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला १४० अँपिअर. बॅटरी पुढच्या भागात आणि जाऊन-येऊन केबल १६ मीटर असेल, तर ३५ चौरस मिमी तांब्यात १.१ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. त्यात एखादी हिरवट पडलेली लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) असली की रिलेची कॉइल सुटते, भार गेला की व्होल्टेज सावरते, रिले पुन्हा लागतो, पुन्हा सुटतो. तीच ती खडखड.

टेंडर ठेवून, बटण दाबलेले असताना, मोटरच्या टर्मिनलवरच मोजा. तिथे १०.५ च्या खाली येत असेल तर बॅटरीवर मोजा. बॅटरीवर १२ च्या आसपास असेल तर दोष केबलचा, जोडांचा किंवा फ्यूज होल्डरचा. बॅटरीवरही आकडा पडलेला असेल तर बॅटरी थकली. केबल ७० चौरस मिमी केली की घट निम्मी होते.

प्रश्न: प्लॅटफॉर्म खाली गेला की टाकीच्या झाकणातून तेल येते.

उत्तर: तेल प्लॅटफॉर्म वर असताना भरले गेले आहे. रॉड आत शिरले की त्यांच्या आकारमानाइतके तेल टाकीत परतते, आपल्या उदाहरणात दोन्ही मिळून सुमारे ५६५ मिली. पातळी नेहमी रॉड पूर्ण आत असताना पाहायची. तेल दुधाळ दिसत असेल तर पाणी शिरले आहे. रॉडचा वायपर (रॉड पुसणारी कडी) आणि टाकीचा ब्रीदर (हवेचे छिद्र) तपासा, तेल पूर्ण बदला. जैवविघटनशील एस्टर तेल वापरत असाल तर पाण्याशी त्याचे वावडे जास्त, आणि खनिज तेलात ते मिसळायचे नाही.

प्रश्न: नांगरावर असताना उसळीत टेंडर चॉकवरून (ती ज्यावर टेकते त्या आधारांवरून) उचलली जाते आणि पुन्हा आपटते. पट्टे कधी सोडावेत?

उत्तर: प्लॅटफॉर्म पाण्याला टेकण्याच्या आधी. टेंडर बांधलेली असताना प्लॅटफॉर्म बुडाला, तर तिची उत्प्लावकता पट्ट्यांना ताणते, रॅचेट ताणाखाली सुटत नाही आणि मागून पाणी टेंडरमध्ये चढते. मात्र पट्टे सुटण्याआधी पुढचा आणि मागचा असे दोन दोर यॉटच्या क्लीटला (दोर बांधायच्या खुंटीला) लागलेले हवेत आणि एक जण ते हातात धरून ढील देत राहायला हवा.

त्याआधीची तयारी: टेंडरचा ड्रेन प्लग (पाणी काढायच्या भोकाचे बूच) घट्ट, आउटबोर्ड वर झुकवलेले, यॉटचे इंजिन आणि जनरेटर बंद. जनरेटरही, कारण त्याचा धूर मागच्या बाजूला साचतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आपटण्याची जागा ठरलेली असते: टेंडरचे अर्धे वजन चॉकवर आणि अर्धे पाण्यावर असते तो २०-३० सेंमीचा टप्पा. बहुतेक जण नेमके तिथेच ‘बघू या’ म्हणून बटण सोडतात. तिथे थांबायचे नाही. लाटांच्या दोन जोरदार गटांमध्ये शांत वेळ येतो, तो हेरा आणि बटण दाबले की चॉक टेंडरच्या तळापासून किमान १५ सेंमी खाली जाईपर्यंत सोडू नका. हे अंतर लाटेच्या खळग्यात मोजायचे, माथ्यावर नव्हे. वर घेतानाही तसेच, आणि ड्रेन प्लग टेंडर चॉकवर नीट बसून पाण्याबाहेर आल्यावरच काढायचा.

उतरवण्याआधी दोन मिनिटे प्लॅटफॉर्मच्या कडेला पाणी किती वर-खाली होते ते पाहा. प्लॅटफॉर्म पाण्याखाली जितका जातो त्याच्या निम्म्याहून जास्त हालचाल असेल, तर आमचे मत स्पष्ट आहे: टेंडर उतरवू नका.

प्रश्न: प्लॅटफॉर्म खाली असताना वीज गेली तर?

उत्तर: हातपंप. दोन सिलिंडर भरायला १५७० मिली तेल लागते. मूठ दाबण्याचा एक दट्टा २० मिलीचा धरला तर सुमारे ८० दट्टे, आणि टेंडर प्लॅटफॉर्मवर असेल तर प्रत्येक दट्टा जड. टेंडर मोकळी करून आधी रिकामा प्लॅटफॉर्म वर घ्या. काही लिफ्टमध्ये हातपंपासोबत सोलेनॉइड व्हॉल्व्हची (एरवी विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हची) दांडीही हाताने दाबून ठेवावी लागते. कोणती, हे बंदरात शांतपणे करून पाहा आणि त्या दांडीला रंगाची खूण करा. पंपाची मूठ त्याच कप्प्यात बांधून ठेवा.

प्रश्न: होजवर तेलाचा ओलसरपणा दिसतो. गळती नेमकी कुठे ते कसे शोधावे?

उत्तर: बोट फिरवून तर मुळीच नाही. १५० बारला सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून निघालेले तेल कातडी भेदून आत घुसते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, पण आत ऊती मरू लागतात आणि बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. असे झाले तर वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठा आणि ‘दाबाखालचे तेल शिरले आहे’ असे स्पष्ट सांगा. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा लांब धरून फिरवा, डोळ्यांवर चष्मा ठेवा. ओली होज दुरुस्त होत नाही, ती बदलायची. सहा वर्षे झालेली होज कोरडी असली तरी बदला आणि टोकाचे फिटिंग ३१६ स्टेनलेसचेच घ्या. जस्ताचा मुलामा दिलेले फिटिंग खाऱ्या पाण्याच्या माऱ्यात फार काळ टिकत नाही आणि गंज नेमका क्रिंपच्या (होजवर दाबून बसवलेल्या कडीच्या) आत, न दिसणाऱ्या जागी सुरू होतो.