बाप्तिस्म्याची नोंद शोधताना मंडळीच्या नावावर अडू नका

ताई, तुमच्या पणजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद हवी म्हणून तुम्ही लिहिलंत: बाप्तिस्मा १८९०च्या सुमाराचा, गाव कोल्हापूरकडचं, आणि चर्चच्या ऑफिसातलं उत्तर "प्रेसबिटेरियन (प्रोटेस्टंटांचा एक पंथ) नावाची मंडळी, म्हणजे चर्च, आमच्याकडे नाही". वाचून जीव कळवळला. हेच वाक्य मी खरं मानलं आणि माझी दोन वर्षं गेली.

चूक माझी. आजी म्हणायची तेच नाव मी अर्जात लिहिलं. यादीत ते नाव नाही म्हणून अर्ज तीनदा परत आला. जुनं नाव कोणतं, आजचं कोणतं, हे त्या ऑफिसात एकानेही सांगितलं नाही. मंडळी तीच होती हो, पाटी बदलत गेली होती! मिशनरी वाइल्डरसाहेब १८५२ मध्ये कोल्हापुरात आले ते अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेकडून, म्हणजे नगरच्याच मिशनमधून. बोर्डाने हात काढून घेतल्यावर त्यांनी स्वतःच्या बळावर काम चालवलं, आणि १८७० मध्ये ते अमेरिकेच्या प्रेसबिटेरियन बोर्डाकडे गेलं. पुढे रत्नागिरी, कोडोली, सांगली, मिरज असा पसारा वाढला. १९०४ मध्ये देशातल्या प्रेसबिटेरियन मंडळ्या एकत्र आल्या. १९२४ मध्ये काँग्रिगेशनल या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळ्यांसह युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं, म्हणून जुन्या कागदांवर 'चर्च कौन्सिल' दिसतं. मग २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झालं.

तेव्हा अर्जात ही सगळी नावं लिहा. त्याहून बरं म्हणजे आधी ऑफिसात जाऊच नका. ज्या गावच्या मंडळीत बाप्तिस्मा झाला तिथल्या पाळकांना भेटा, सेशनमधल्या, म्हणजे मंडळीच्या कारभारी समितीतल्या, सर्वांत म्हाताऱ्या वडिलांना (एल्डरना) भेटा. मला हवी ती नोंदवही एका चर्चच्या कपाटात, जुन्या गीतपुस्तकांखाली सापडली. माझे पणजोबा तिथे बाप्तिस्म्याआधीच्या नावाने होते, म्हणून बापाचं नाव आणि गावही पडताळा. आडनावावर भिस्त ठेवू नका.

हा माझ्या एका घराण्यापुरता अनुभव आहे. दाखला वारसासाठी किंवा कोर्टासाठी हवा असेल तर वकिलांनाच विचारा. १९७० नंतरच्या मालमत्तेच्या वादांत मी पडत नाही.

मिशनऱ्यांचे अहवाल, पत्रं पाहायची असतील तर फिलाडेल्फियाच्या प्रेसबिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीला ईमेल करा. मात्र गावोगावच्या बाप्तिस्म्यांसाठी गावची वहीच बघावी लागते. पानं ठिसूळ असतात. बोट ओलं करून उलटू नका, पाळकांना विचारून मोबाईलवर फोटो घ्या. गावाचं नाव कळवलंत तर तिथे कुणाला भेटायचं ते सांगते.