आपण वैष्णव आहोत का?

प्रिय सई,

तुझा मेसेज रात्री वाचला. तुझी रूममेट पुष्टिमार्गी, म्हणजे वल्लभाचार्यांच्या कृष्णभक्त संप्रदायातल्या, घरातली. 'आम्ही वैष्णव, तुम्ही कोण?' असं तिनं विचारलं आणि तुला पटकन उत्तर सुचलं नाही. आजीच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, पण ती महाशिवरात्रीचाही उपास धरते, मग आपण नक्की कोण, असं तू मला विचारलंस. हे फोनवर उरकण्यासारखं नाही, म्हणून पत्र लिहितोय.

आपण वैष्णवच, पण विठोबाचे. तुझी आजी माळकरी आहे, तिची आई वारी करायची.

विष्णूची भक्ती फार जुनी. मध्य प्रदेशात विदिशेजवळ बेसनगरला एक दगडी खांब आहे. तक्षशिलेहून आलेल्या हेलिओदोरस नावाच्या ग्रीक राजदूतानं तो इसवी सनाच्या शंभरएक वर्षं आधी वासुदेवाचा, म्हणजे कृष्णाचा, गरुडध्वज म्हणून उभारला आणि लेखात स्वतःला 'भागवत', म्हणजे भगवंताचा भक्त, म्हणवून घेतलं. परका माणूस, तरी कुणी त्याला अडवलं नाही. मला याचं फार अप्रूप वाटतं. आपल्या जुन्नरजवळच्या नाणेघाटातही सातवाहन राणीच्या लेखात संकर्षण म्हणजे बलराम आणि वासुदेव यांना वंदन आहे. पुढे तमिळनाडूत आळ्वार संतांनी देवाला आपल्या बोलीत आळवलं, रामानुज आणि मध्व या आचार्यांनी भक्तीला शास्त्राचा आधार दिला. तुझ्या मैत्रिणीचा संप्रदाय वल्लभाचार्यांचा. ते पंढरपूरला आले होते असं त्यांच्याकडे मानतात, आणि त्यांच्या मुलाचं नाव होतं विठ्ठलनाथ! हे तिला जरूर सांग.

आता आजीची शिवरात्र. आपल्या विठोबानं मस्तकावर शिवलिंग धारण केलंय असं संत सांगत आले. ज्ञानेश्वरांचे गुरू निवृत्तिनाथ नाथपंथी, आणि नाथपंथाचा आदिगुरू म्हणजे शंकरच. नरहरी सोनारांची गोष्ट मी तुला लहानपणी सांगितली होती, आठवते का? पंढरपुरात राहून विठ्ठलाचं तोंड न पाहणारा कट्टर शिवभक्त. एका सावकारानं विठ्ठलासाठी सोन्याचा करगोटा घडवायला दिला. माप घ्यायला नरहरी डोळ्यांवर पट्टी बांधून गाभाऱ्यात गेले. हात फिरवला तर कमरेला व्याघ्रांबर, गळ्यात साप. शंकरच की! म्हणून पट्टी सोडली, तर समोर विठ्ठल. पुन्हा पट्टी बांधली, पुन्हा शंकर. शेवटी दोन्ही एकच हे त्यांना उमगलं. आजीला ही गोष्ट पाठ आहे. तिला शिवरात्र आणि एकादशी यांत कधी अडचण वाटली नाही.

तुकोबांनी वैष्णव कोण हे एका ओळीत सांगितलंय: 'विष्णुमय जग वैष्णवांचा धर्म, भेदाभेद भ्रम अमंगळ'. वारीत हे डोळ्यांनी दिसतं. दोन वारकरी भेटले की दोघंही एकमेकांच्या पाया पडतात. वय, जात, पैसा काही आड येत नाही. सत्तरीतले आजोबा विशीतल्या पोराच्या पायांना हात लावतात आणि त्याला 'माउली' म्हणतात.

पण सई, आपल्याच लोकांनी ही ओळ पाळली नाही, हेही तुला माहीत असायला हवं. चोखोबा महार होते, म्हणून त्यांना देवळात पाऊल टाकता आलं नाही. जन्मभर बाहेरून अभंग गायले. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या. समाधी महाद्वारासमोर आहे, उंबऱ्याच्या बाहेरच. चोखोबांच्या समाजाला ते दार उघडायला 1947 साल उजाडावं लागलं, तेही साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केलं तेव्हा. मला हे लिहिताना आजही राग येतो. आपण वैष्णव म्हणताना चोखोबांचं नाव आधी घ्यावं असं मला वाटतं.

राहिली माळ. ती दागिना म्हणून घालत नाहीत. ज्येष्ठ वारकऱ्याच्या हातून घ्यायची, मग मांस-दारू सोडायची, एकादशी धरायची, हरिपाठ म्हणायचा, पंढरीची वारी चुकवायची नाही. संन्यास घ्यायची गरज नाही. शेत, संसार, नोकरी सांभाळून हे करायचं. तू माळ घातली नाहीस, मीही नाही. त्यानं आपण विठोबाला परके होत नाही. पंढरपूरला थेट त्याच्या पायांवर डोकं ठेवता येतं. रांग मात्र लांबलचक असते.

पुढच्या आषाढीला सुट्टी जमली तर आजीबरोबर वाखरीपासून पंढरपुरापर्यंत चालू. तोवर रविवारी तिला फोन कर आणि माळ कुणाच्या हातून घेतली ते विचार. तास-दीड तास मोकळा ठेव.

तुझा,
बाबा