स्टॉपवॉच कुणाच्या हातात?

मागच्या अंकात अमेरिकेतल्या कॉलेज ॲथलेटिक्सबद्दल लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की धावणाऱ्या मुली भरपूर, पण त्यांचे कोच मात्र बहुतेक पुरुषच. सगळा लेख राहिला बाजूला आणि पत्रं आली ती या एका वाक्यावर. त्यातली तीन इथे घेते.

प्रश्न : ताई, माझी मुलगी इथल्या एका कॉलेजच्या संघात गोळा आणि हातोडा फेकते. पुढच्या वर्षी पदवी हातात येईल. तिला कोच व्हायचंय. तिच्या संघाचे मुख्य कोच पुरुष; स्प्रिंटचे, उड्यांचे, फेकीचे कोचही पुरुष. एकच बाई आहेत, लांब पल्ल्याच्या सहायक. तिचे बाबा म्हणतात, "बायकांना या धंद्यात वर जाता येत नाही, एमबीए कर." खरंच असं आहे का? – एक आई, एडिसन, न्यू जर्सी

तिच्या बाबांना दिसलं ते खरं आहे. पण हे असंच चालत आलंय असं त्यांना वाटत असेल, तर ते तसं नाही. अमेरिकेत १९७२ मध्ये टायटल नाइन कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांनी मुलगा-मुलगी भेद करायचा नाही, असा तो कायदा. त्याआधी मुलींच्या कॉलेज संघांच्या कोचपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त बायका होत्या. व्हिव्हियन अकोस्टा आणि लिंडा कार्पेंटर या ब्रुकलिन कॉलेजच्या दोघी प्राध्यापिका पुढची कित्येक दशकं हा हिशेब ठेवत राहिल्या. २०१४ च्या त्यांच्या मोजणीत तो आकडा ४३ टक्क्यांवर आला होता. मुलग्यांच्या संघांवर बायका दोन-तीन टक्के, आणि ते पहिल्यापासून तसंच.

मुलींच्या खेळाचं भलं करणाऱ्या कायद्यानंतर बायकांच्याच नोकऱ्या कशा गेल्या? पैसा आला म्हणून. आधी मुलींचा संघ सांभाळणं म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या बाईंच्या गळ्यात पडलेलं, जवळजवळ फुकटचं काम. कायद्यानंतर त्याला पगार आला, शिष्यवृत्त्या आल्या, प्रवासाचं बजेट आलं, आणि अर्ज करणाऱ्यांची रांगही बदलली. त्यात मुलींच्या क्रीडा विभागांचा वेगळा कारभार होता, त्यावर बायका प्रमुख होत्या, तो मुलग्यांच्या विभागात विलीन झाला. मुलींच्या स्पर्धा चालवणारी बायकांची वेगळी संघटना होती, एआयएडब्ल्यू. १९८१-८२ पासून एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने, वरच्या विभागातल्या मुलींचीही अजिंक्यपदं भरवायला घेतली आणि एआयएडब्ल्यू बंद पडली. नेमणूक करणारी माणसं बदलली की नेमली जाणारी माणसंही बदलतात.

हे सगळ्याच खेळांत झालं. ॲथलेटिक्सला मात्र आणखी एक फटका बसला, आणि तुमच्या मुलीला दिसतंय ते त्याचंच फळ. बास्केटबॉलमध्ये मुलींचा संघ वेगळा, कोच वेगळा. ॲथलेटिक्समध्ये ट्रॅक एकच, उडीचा खड्डा एकच, बस एकच. मग कॉलेजं म्हणाली, दोन मुख्य कोच कशाला? मुलगे, मुली आणि क्रॉस कंट्री (ट्रॅकबाहेरची, माळरानावरची लांब शर्यत), सगळ्यांचा मिळून एक 'डायरेक्टर'. दोन खुर्च्यांची एक झाली, आणि ती बहुतेक ठिकाणी मुलग्यांच्या कोचकडे गेली. मुलींच्या कोच होत्या त्या सहायक तरी झाल्या किंवा बाहेर पडल्या. मिनेसोटा विद्यापीठाचं टकर सेंटर दरवर्षी मुलींच्या संघांवर किती बायका मुख्य कोच आहेत याचं प्रगतिपुस्तक काढतं, 'ए' ते 'एफ'. ७० टक्क्यांच्या वर 'ए', २५ च्या खाली 'एफ'. ट्रॅक अँड फील्ड तिथे वर्षानुवर्षं तळच्या रांगेत बसलेलं आहे.

आता बाबांना दोन नावं सांगा. पहिलं कॅरिल स्मिथ गिल्बर्ट. २०१८ ची एनसीएए मैदानी स्पर्धा, यूजीन गाव, धो धो पाऊस आणि शेवटची चार गुणिले चारशे रिले. ती जिंकली तरच त्यांच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मुलींना जेतेपद. केंडल एलिस शेवटच्या वळणावर बरीच मागे होती, तिने रेषेवर पर्ड्यूच्या मुलीला गाठलं. गुण झाले ५३, जॉर्जिया विद्यापीठाचे ५२. २०२१ मध्ये गिल्बर्टबाईंच्या मुली पुन्हा जिंकल्या, आणि एका गुणाने हरलेल्या त्याच जॉर्जियाने बाईंना बोलावून मुलगे-मुली दोन्ही संघ हाती दिले. २०२५ चं मैदानी जेतेपद जॉर्जियाच्या मुलींचं. याला म्हणतात नेमणूक!

दुसरं नाव खास तुमच्या लेकीसाठी, कॉनी प्राइस-स्मिथ. गोळा आणि थाळी फेकायच्या, १९८८ ते २००० चार ऑलिंपिक खेळल्या. सदर्न इलिनॉय आणि मग मिसिसिपी विद्यापीठात मुख्य कोच, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला अमेरिकेच्या महिला ॲथलेटिक्स संघाच्या मुख्य कोच. त्यांचे यजमान जॉन स्मिथ त्यांच्याच हाताखाली फेकीचे कोच होते. हे बाबांना जेवताना सांगा, जरा चवीने.

भरती कशी होते तेही सांगते, कारण खरी मेख तिथेच आहे. जागा निघाली की विद्यापीठाच्या संकेतस्थळावर रीतसर जाहिरात लागते. ती लागायच्या आत डायरेक्टरने तीन फोन केलेले असतात, आणि ते ज्यांना केलेत ते त्याच्यासारखेच असतात. नवा डायरेक्टर आला की आपली माणसं घेऊन येतो, जुने सहायक वर्षाचा करार संपला की घरी. आणखी एक चाळणी आतापर्यंत होती. २०२३ पर्यंत एनसीएएच्या पहिल्या विभागात 'व्हॉलंटियर कोच' हे बिनपगारी पद होतं आणि कितीतरी जणांची सुरुवात तिथूनच व्हायची. बापाच्या जिवावर किंवा रात्री दुसरी नोकरी करून वर्षभर फुकट राबणं ज्याला परवडेल तो टिकला. ते पद आता गेलं, बरं झालं.

एका कॉलेजात कोचच्या जागेच्या मुलाखतीला मला विचारलं होतं, "मुलगे तुमचं ऐकतील का?" मी म्हटलं, "आताच्या सरांना मुलींबद्दल हे विचारलं होतंत का?" नोकरी मिळाली नाही. पण समितीतल्या एका बाईंनी नंतर फोन करून दुसरीकडची जागा सुचवली, आणि तिथे मी राहिले. फोनाफोनी आपल्याही कामी येते, फक्त पलीकडे आपलं कुणीतरी असावं लागतं.

म्हणून मुलीला एवढंच सांगा. मास्टर्स करताना ग्रॅज्युएट असिस्टंटची जागा बघ, त्यात फी माफ होते आणि थोडं मानधनही मिळतं. ट्रॅक कोचेसच्या संघटनेचं डिसेंबरात अधिवेशन असतं, तिथे जा. व्याख्यानांपेक्षा कॉफीच्या रांगेत जास्त नेमणुका ठरतात. जागा घेताना 'फेकीचा गट माझा' हे लेखी घे. बायकांना सहायक म्हणून घेतात आणि नव्या खेळाडूंची भरती, प्रवासाची तिकिटं, संघाचं इन्स्टाग्राम आणि रडणाऱ्या मुलींची समजूत ही कामं देतात. पुढे मुख्य कोचसाठी अर्ज केला की म्हणतात, "तुम्ही खेळाडू घडवलाय कुठे?" हातोड्याच्या पिंजऱ्याजवळ जिने चार वर्षं काढली, तिला तिकिटं काढायला बसवू नये.

प्रश्न : मॅडम, मी निवृत्त क्रीडाशिक्षक आहे. माझ्या हाताखालून कितीतरी मुली राज्य पातळीवर गेल्या. कोच चांगला की वाईट एवढंच बघावं, बाई की पुरुष हे कशाला मोजायचं? पी. टी. उषाला नंबियार सरांनी घडवलं, आमच्या नाशिकच्या कविता राऊतला विजेंदर सिंग यांनी, ललिता बाबरला स्नेसारेव यांनी. आता कोचमध्येही आरक्षण आणायचं का? – नाशिक

सर, नमस्कार. तुम्ही घेतलेली तिन्ही नावं मोठी आहेत आणि त्यांच्या कामाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पुरुष कोच मुलींना घडवू शकत नाही असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. मलाही थाळी धरायला एका सरांनीच शिकवलं.

माझा प्रश्न उलट बाजूचा आहे. पुरुष मुलींना घडवतो हे आपण गुणवत्ता म्हणून मान्य करतो. मग बाई मुलग्यांना घडवताना का दिसत नाही? अमेरिकेत दोन-तीन टक्के. गुणवत्ताच बघत असतील तर ती एकाच दिशेने कशी वाहते? आरक्षणाचं म्हणाल तर टायटल नाइनमध्ये कोचच्या जागांसाठी कसलाही कोटा नाही. मोजणी आहे ती अभ्यासकांची. शर्यत झाल्यावर वेळ लावायची नाही असं तुम्ही शाळेच्या मैदानावर कधी केलं नसेल, मग इथे मोजायला हरकत कसली?

आणि एक गोष्ट तुम्हाला नक्की आठवेल. सरावाला आलेली मुलगी बाजूला येऊन मान खाली घालून म्हणते, "सर, पोट दुखतंय." तुम्ही म्हणता, "बस जरा सावलीत." दोघांनाही कळलेलं असतं आणि दोघंही पुढे बोलत नाहीत. एक दिवस सावलीत बसणं ठीक. पण पाळी सहा महिने आलेलीच नाही, हे ती तुम्हाला कधी सांगणार? लांब पल्ल्याच्या मुली कमी खाऊन जास्त धावल्या की हे होतं, मग हाडं कमजोर होतात, नडगीला बारीक तडा जातो आणि हंगाम संपतो. २०२१ मध्ये ओरेगन विद्यापीठाच्या काही धावपटू मुलींनी, शरीरातली चरबी मोजण्याच्या सततच्या डेक्सा स्कॅनमुळे आपलं खाण्यापिण्याचं तंत्र बिघडलं, असं उघडपणे सांगितलं. ॲथलेटिक्सचं इतकं नावाजलेलं विद्यापीठ!

बाई कोच आली की हे आपोआप थांबतं असं नाही. वजनकाटा घेऊन बसलेल्या बायकाही मी पाहिल्यात, आणि त्यांच्यापुढे कुणाची बोलायची छाती नव्हती. पण पाच जणांच्या ताफ्यात दोघी असतील तर मुलीला कुणाकडे जायचं हे निवडता येतं. तुमच्या शाळेत अडचणीच्या वेळी मुली चित्रकलेच्या बाईंकडे जात असतील. आमच्या शाळेत जायच्या. त्या बाईंना धावण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

प्रश्न : मॅडम, मी कोल्हापूरला बी.पी.एड. करते, भालाफेक करते. मला कोच व्हायचंय. अमेरिकेला जाऊ की इथेच कॉलेजात क्रीडा संचालक होऊ?

तुझ्या प्रश्नात दोन वेगळ्या नोकऱ्या एकत्र झाल्यात. आपल्याकडच्या सीनियर कॉलेजात सहसा एकच जागा असते, शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालक. कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळं त्याच्याकडे, शिवाय गॅदरिंगचा मंडप आणि पंधरा ऑगस्टचं संचलन. भाला शिकवायला वेळ उरला तर उरला. ती जागा हवी असेल तर एम.पी.एड.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत शारीरिक चाचणीही आहे. तिशीच्या आतल्या पुरुषांना १२ मिनिटांत १८०० मीटर, बायकांना ८ मिनिटांत १०००. भालाफेकीचा वॉर्मअप करणारीला हे अवघड नाही, त्यामुळे त्या चाचणीचा बाऊ करू नकोस. खरी अडचण जागा निघण्याची आहे. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं काढलेली माणसं तुला तुझ्याच कॉलेजात भेटतील, त्यांच्याशी बोल.

निव्वळ कोच व्हायचं असेल तर पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, कोचिंग डिप्लोमा. तो कर, कुठेही गेलीस तरी उपयोगी पडेल.

अमेरिकेचं म्हणशील तर शिकायला जरूर जा, ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून मिळालं तर उत्तमच. पण तिथे राहायचं गणित सध्या कठीण आहे. पदवीनंतर वर्षभर काम करता येतं, मग एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. विद्यापीठांना त्याच्या लॉटरीतून सूट आहे. पण सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशातून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर झाली. तिथल्या तिथे व्हिसा बदलणाऱ्यांना ती लागू नाही, पण भारतातून अर्ज करणाऱ्या सहायक कोचसाठी एवढे पैसे मोजणारा डायरेक्टर मला तरी माहीत नाही. जाण्याआधी ताजे नियम बघून घे.

आणि या हंगामात एक काम कर. आंतरविद्यापीठ स्पर्धेला मुलींचा संघ निघाला की आपल्याकडे 'सोबतीला एक बाई' शोधतात. बहुधा कुणीतरी मराठीच्या किंवा होम सायन्सच्या मॅडम तयार होतात आणि तीन दिवस तंबूत स्वेटर विणत बसतात. तुझं वय आणि कॉलेजचे नियम बसत असतील तर पुढच्या वर्षी तू जाते म्हणून सांग. मात्र यादीत तुझं नाव सहायक प्रशिक्षक म्हणून घालायला लाव आणि त्या पत्राची सही-शिक्क्याची प्रत घे. एनआयएसच्या अर्जाला जोडता येते का ते विचार. बिनशिक्क्याचा कागद मात्र घेऊन येऊ नकोस.