वेल्समधल्या पूर्वजांचं मूळ गाव जुन्या नावावरून कसं शोधावं?

तुमच्या प्रश्नात दोन धागे आहेत: मुंबईला आलेल्या खापरपणजोबांचं नाव जॉन जोन्स, आणि घरातल्या जुन्या वेल्श बायबलात लिहिलेलं ‘पेन-अ-बॉन्ट’. शोध दुसऱ्या धाग्यावरून सुरू करा.

वेल्समध्ये कायमचं आडनाव उशिरा आलं. आधी माणूस बापाच्या नावाने ओळखला जाई. ही रीत वरच्या घराण्यांत सोळाव्या शतकात सुटू लागली, पण काही भागांत ती एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. मग बापाचं किंवा आजोबांचं नावच आडनाव होऊन बसलं. त्यामुळे जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, इव्हान्स अशी मोजकीच आडनावं सगळीकडे दिसतात, आणि एकाच पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीतल्या गावभागात) कितीतरी जॉन जोन्स निघतात. लोक त्यांना वेगळं ओळखत ते शेताच्या नावाने. माझं सासर पश्चिम वेल्समधल्या केरेडिगिऑन काउंटीतलं. तिथे आजही कुणाचा विषय निघाला की आधी शेताचं नाव येतं. थडग्यांवरही ते कोरलेलं असतं.

पेन-अ-बॉन्ट म्हणजे पुलाच्या टोकाशी. ब्रिजेंड शहराचं वेल्श नाव ‘पेन-अ-बॉन्ट आर ओगूर’ आहे, म्हणून सगळे आधी तिकडे धावतात. तुम्ही थांबा. रॅडनॉरशर या जुन्या वेल्श काउंटीत याच नावाचं गाव आहे, आणि पुलाजवळच्या साध्या शेतांनाही हेच नाव असतं. कौटुंबिक बायबलात शहरापेक्षा शेताचं नाव असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

म्हणून आधी पॅरिश पक्की करा. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या (भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश सरकारी खात्याच्या) दप्तरात मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदी आहेत. तिथे लग्नाची नोंद मिळाली आणि त्यात वराच्या वडिलांचं नाव असलं, तर निम्मं काम झालं. मग जनगणना पाहा. 1841 च्या जनगणनेत जन्म त्याच काउंटीतला की बाहेरचा एवढंच विचारलं होतं. 1851 पासून जन्माची पॅरिश मिळते, आणि खेड्यांत पत्त्याच्या रकान्यात शेताचं नाव.

यानंतर टाइद नकाशे. मला सगळ्यात प्रिय साधन हेच. चर्चला द्यायचा दशांश रोख रकमेत बदलण्यासाठी 1836 मध्ये कायदा झाला आणि पॅरिशवार नकाशे काढले गेले. सोबतच्या यादीत जमिनीचा मालक, ती कसणारा, क्षेत्रफळ आणि बहुतेकदा एकेका तुकड्याचं नावही असतं. अ‍ॅबरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्सने हे नकाशे ऑनलाइन मोफत ठेवलेत. 1858 पूर्वीची वेल्श मृत्युपत्रं आणि जुनी वर्तमानपत्रंही तिथेच आहेत. नुसतं ‘पेन-अ-बॉन्ट’ काही सांगणार नाही. शेजारची शेतं सांगतील. जनगणनेच्या त्याच पानावर वरखाली असलेली शेतांची नावं टाइद नकाशावर एकमेकांना लागून सापडली, तर जागा तीच.

शोधताना एक गोष्ट फार छळते. वेल्शमध्ये शब्दाचं पहिलं अक्षर मागच्या शब्दामुळे बदलतं. पूल एकटा असला की ‘पॉन्ट’, तुमच्या नावात ‘बॉन्ट’. गिरणी कधी ‘मेलिन’, कधी ‘वेलिन’. त्यात इंग्रजी कारकुनांनी कानाला वाटलं तसं लिहिलं. म्हणून सगळी रूपं घालून पाहा, आणि नाव जोडून व तोडून, दोन्ही तऱ्हांनी. वेल्सच्या ऐतिहासिक स्थळनावांची यादी 2017 पासून ऑनलाइन आहे. तिच्यात जुन्या नकाशांवरची आणि कागदांतली लाखो नावं आहेत. बँगोर विद्यापीठाचा मेल्विल रिचर्ड्स संग्रहही पाहाच. त्यात एकाच जागेची वेगवेगळ्या काळातली स्पेलिंगं सालांसकट मिळतात. नावापुढे ‘इखाव्ह’ किंवा ‘इसाव्ह’ असेल तर ते सोडू नका. म्हणजे वरचं आणि खालचं; ही दोन वेगळी शेतं असतात आणि घराणीही बहुधा वेगळी.

खापरपणजोबा चॅपलवाले, म्हणजे अधिकृत अँग्लिकन चर्चबाहेरच्या प्रॉटेस्टंट पंथाचे, असतील तर पॅरिशच्या रजिस्टरात बाप्तिस्मा बहुधा सापडणार नाही. अशा चॅपलांची 1837 पर्यंतची बरीच रजिस्टरं सरकारजमा झाली. ती आता लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत.

बायबलाच्या त्या पानावर आणखी काही लिहिलंय का, चॅपलचं नाव, एखादी तारीख, साक्षीदार? अक्षर न अक्षर जसंच्या तसं उतरवून पाठवा, स्पेलिंग सुधारू नका. वेल्श मजकूर मी वाचून देईन.