पेडल फिरतंय, चाक नाही? चेन बदलायची घाई करू नका

अ‍ॅरोहेड १३५ च्या (अमेरिकेतल्या मिनेसोटात हिवाळ्यात बर्फावर होणारी १३५ मैलांची रेस) सायकल सरावात, उणे २८ सेल्सिअसला पेडल मोकळंच पुढे फिरत राहिलं आणि मागचं चाक हललंच नाही, म्हणून तुम्ही नवी चेन आणि कॅसेट (मागची दातेरी चक्रं) घ्यायला निघालात. थांबा. हे दुखणं ओळखीचं आहे. चेन घसरली तर खटखट होते, पायाला झटके बसतात. तुमचं पेडल नुसतंच भिरभिरलं, म्हणजे फ्रीहब गोठलाय, म्हणजे मागच्या हबमधला (चाकाच्या मधल्या भागातला) पेडलचा जोर चाकाला देणारा तुकडा.

फ्रीहबमध्ये खटके असतात आणि त्यांना वर ढकलणारी स्प्रिंग अगदी नाजूक असते. जाड ग्रीस थंडीत मेणासारखं घट्ट झालं की खटके आतच रुतून बसतात, दात्यांत अडकत नाहीत.

माझ्या हबला एका दुकानाने 'फुल सर्व्हिस' म्हणून आत ग्रीस थापून दिलं होतं. का, तर बर्फाचं पाणी शिरू नये! तक्रार केली तर उत्तर काय, 'इथे तर नीट फिरतंय.' अहो, तुमच्या दुकानात हीटर चालू आहे! नाव घेत नाही, पण रेसच्या तोंडावर हब कुणाच्याही हातात देताना काय वंगण घालणार ते आधी विचारा.

उपाय घरी होतो. बऱ्याच हबची एंड कॅप (टोकाचं झाकण) हाताने निघते आणि फ्रीहब कॅसेटसकट बाहेर येतो. खाली पांढरं कापड अंथरा, स्प्रिंग उडाली तर शोधत बसाल. ती कशी बसलीय त्याचा फोटो काढा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने खटके आणि दाते लख्ख पुसा, कोरडे होऊ द्या, मग प्रत्येक खटक्यावर कमी तापमानाच्या पातळ तेलाचा एकच थेंब. बेअरिंगला हात लावू नका. खटक्यांऐवजी गोल रॅचेट असेल तर कंपनीने सांगितलेलं वंगण, तेही नुसता हात फिरवल्याइतकं. (मी मेकॅनिक नाही, वॉरंटी तुमची तुम्ही बघा.)

मग सायकल रात्रभर बाहेर ठेवा. गॅरेजात नाही, बाहेर. सकाळी आत न आणता कॅसेट बोटाने मागे फिरवा. टिक-टिक खणखणीत आली पाहिजे. आवाज दबका किंवा गायब असेल तर पुन्हा उघडा.

रेसच्या आदल्या रात्री इंटरनॅशनल फॉल्सला (रेस सुरू होते ते गाव) सायकल खोलीत घ्यायचा मोह सगळ्यांनाच होतो. बर्फ वितळतो, पाणी हबमध्ये झिरपतं आणि सकाळी त्याचा बर्फ होतो.

वाटेत गोठलाच, तर हॅंड वॉर्मर हबला बांधून बघा. काही जण हबवर लघवी करतात. खटके सुटतात, पण ओल राहते आणि पुन्हा गोठते. शेवटचा मार्ग म्हणजे झिप टाय (आवळायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या): कॅसेटचं सर्वांत मोठं चक्र तीन-चार ठिकाणी स्पोकना आवळून बांधायचं. मग पाय थांबवायचे नाहीत, उतारावरसुद्धा. थांबवलेत तर चेन सैल पडून डिरेलरमध्ये (गिअर बदलणाऱ्या भागात) गुंतेल. अ‍ॅरोहेडच्या ट्रेलच्या उत्तरार्धात चढउतार भरपूर आहेत, तेव्हा हा अगदी नाइलाजाचा उपाय. तरी मोठे झिप टाय दहा-बारा घ्याच, वजन काहीच नाही.

जाता जाता: टायरची हवाही बाहेरच तपासा. २० अंशांच्या खोलीत भरलेली ८ पीएसआय उणे ३० ला साधारण ४ उरते, आणि ५ भरली असेल तर जेमतेम दीड. तेवढ्यावर टायर रिमवरून सुटू शकतो. साधा गेज इतक्या कमी दाबाला थापा मारतो, ० ते १५ वाला घ्या.